एचआयव्ही प्रतिबंधाला गळीत हंगामाचं वेळापत्रक हवं

दसरा झाला की केज, धारूर, पाटोदा, शिरूर कासार, गंगाखेड, कंधार, मुखेड या मराठवाड्यातल्या तालुक्यांतल्या वाड्या-तांड्यांवरून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या हलायला लागतात. कुणी बैलजोडी घेऊन गाडी सेंटरला, कुणी डोक्यावर मोळ्या वाहायला डोकी सेंटरला, कुणी ट्रॅक्टरच्या टोळीत. जायचं कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, अहिल्यानगरला, नाहीतर पलीकडे कर्नाटकात बेळगाव-बागलकोटला. राज्यातल्या ऊसतोड मजुरांचे अंदाज आठ ते बारा लाखांपर्यंत जातात आणि त्यात बीडसह मराठवाड्याचा वाटा सर्वांत मोठा आहे. मार्च-एप्रिलमध्ये कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळप थांबेपर्यंत, गावच्या आशाताईच्या वहीत या माणसांपुढे ‘स्थलांतरित’ असा शेरा असतो. कारखान्याजवळच्या उपकेंद्राच्या वहीत तर त्यांचं नावच नसतं.

एचआयव्हीच्या बाबतीत मराठवाड्याची खरी अडचण इथे आहे. जनजागृती कमी पडते, लोक ऐकत नाहीत, ही नेहमीची कारणं दुय्यम आहेत. देशात 2004 पासून एआरटीची, म्हणजे एचआयव्ही विषाणूला दाबून ठेवणारी औषधं सरकारी केंद्रांवर मोफत मिळतात. निदान झाल्याबरोबर उपचार सुरू करण्याचं धोरण 2017 पासून आहे. त्याच वर्षी एचआयव्ही कायदाही झाला. पण ही सगळी व्यवस्था बांधली आहे ती एका गावात बाराही महिने राहणारा, कामाच्या दिवशी सकाळी दहा ते दुपारी दोनच्या दरम्यान केंद्रावर येऊ शकणारा माणूस डोळ्यांसमोर ठेवून. असा माणूस बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात फार थोड्या घरांत सापडेल.

एक गोष्ट आधीच स्पष्ट केलेली बरी. ऊसतोड मजूर म्हणजे एचआयव्ही पसरवणारे लोक, असं इथे म्हणायचं नाही. तसं म्हणणं खोटं आहे आणि घातकही. देशात एचआयव्हीसह जगणारे सुमारे 25 लाख लोक आहेत, त्यांतले जवळपास चार लाख महाराष्ट्रात, म्हणजे कोणत्याही राज्यापेक्षा जास्त. त्यांत शिक्षक आहेत, व्यापारी आहेत, बागायतदार आहेत. पण त्याच विषाणूचा धोका कुणाला चुकवता येतो आणि कुणाला नाही, हे पैसा, लग्न आणि मुक्कामाची जागा या तीन गोष्टींवर ठरतं.

शासकीय कार्यक्रमाची मांडणी गटांवर चालते. देहविक्रय करणाऱ्या स्त्रिया, समलैंगिक संबंध ठेवणारे पुरुष, तृतीयपंथी, सुईने नशा करणारे, हे मुख्य गट. ट्रकचालक आणि स्थलांतरित मजूर यांना सेतू गट म्हणतात, म्हणजे मुख्य गटांतून इतरांपर्यंत संसर्ग पोचवू शकणारा दुवा. साथीच्या सुरुवातीच्या काळात ही मांडणी उपयोगी ठरली, हे मान्यच करायला हवं. धुळे-सोलापूर महामार्गावरचे धाबे, वाळूजसारख्या औद्योगिक वसाहती, बाजाराची गावं इथे संस्थांच्या कार्यकर्त्यांनी आणि त्या-त्या गटातल्याच पिअर शिक्षकांनी निरोध पोचवला, तपासण्या केल्या, म्हणून संसर्ग उतरला. पण या यादीत मजुराची बायको कुठे आहे? ती कुठल्याच गटात बसत नाही. ती फक्त नवऱ्याशी संबंध ठेवते. कार्यक्रमाच्या हिशेबात ती कमी जोखमीची.

तिच्यासाठी तपासणीचं एकच दार उघडतं, ते गरोदरपणाचं. प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन, सिफिलिस यांच्याबरोबर एचआयव्हीची चाचणी होते, आणि हे काम महाराष्ट्रात बऱ्यापैकी नीट चालतं. पण तिचं लग्न सोळाव्या-सतराव्या वर्षी होतं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 20 ते 24 वयाच्या विवाहित-अविवाहित सर्व मुलींपैकी अठराच्या आत लग्न झालेल्यांचं प्रमाण परभणीत 48 टक्के आणि बीडमध्ये 43.7 टक्के निघालं, राज्यात ते 21.9 टक्के होतं. दोन-तीन बाळंतपणं होऊन तेविसाव्या वर्षापर्यंत तिची नसबंदी झालेली असते. त्या दिवसानंतर ते दार बंद होतं. पुढची वीस वर्षं तिची एचआयव्ही चाचणी कुणी करणार नाही, आजारी पडेपर्यंत किंवा नवरा क्षयरोगाने खाटेला लागेपर्यंत. निरोधही त्याच दिवशी घरातून जातो, कारण तो पाळणा लांबवण्याचं साधन म्हणूनच सांगितला गेला होता. मूल होणारच नसेल तर निरोध कशाला, हा प्रश्न तिचा नवरा विचारतो आणि तिला उत्तर देता येत नाही. नसबंदीच्या वेळी समुपदेशकाने दोघांना समोर बसवून एवढं एक वाक्य सांगायला हवं, की शस्त्रक्रियेने गर्भ थांबतो, संसर्ग थांबत नाही. किती ठिकाणी सांगितलं जातं, हे त्या-त्या रुग्णालयाने स्वतःला विचारावं.

पुरुषासाठी तर एकही दार नाही. म्हणून बायको आधी सापडते. ती गरोदर म्हणून तपासली गेली, पॉझिटिव्ह आली, की सासर म्हणतं, हिनंच आणला. संसर्ग कुणाला आधी झाला हे चाचणी सांगत नाही, फक्त कुणाची तपासणी आधी झाली एवढंच सांगते. गर्भवतीबरोबर त्याच भेटीत नवऱ्याचीही चाचणी, दोघांचं समुपदेशन एकत्र आणि वेगवेगळंही, हा नियम काटेकोर पाळला तर कितीतरी बायका माहेरी हाकलल्या जाण्यापासून वाचतील.

बालविवाहाचं मूळ अनेकदा परंपरेत शोधलं जातं. या पट्ट्यात ते बरंचसं उचलीत, म्हणजे हंगामाआधी मिळणाऱ्या आगाऊ पैशांत आहे. मुकादम, म्हणजे टोळी जमवणारा ठेकेदार, उचल देतो ती कोयत्यावर, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस अर्धा कोयता. पोराचं लग्न झालं की घरात एक कोयता वाढतो, एक उचल वाढते. पोरीला गावात एकटी ठेवायची भीती असते आणि उसाच्या फडावर नेली तर तिथेही भीती, म्हणून तिचं लग्न लावून मोकळं व्हायचं. ऊसतोड मजुरांच्या मुला-मुलींसाठीच्या संत भगवानबाबा वसतिगृह योजनेत 41 तालुक्यांत 82 वसतिगृहं ठरली आहेत. हा मुलींच्या शिक्षणाचा प्रश्न म्हणून पाहिला जातो. तो एचआयव्ही प्रतिबंधाचाही आहे. अठराच्या आतल्या मुलीच्या गर्भाशयमुखाचं आवरण नाजूक असतं, संसर्ग लवकर होतो, आणि वयाने मोठ्या नवऱ्याला नाही म्हणण्याची ताकद तिच्यात नसते. दहावीपर्यंत वसतिगृहात राहिलेली मुलगी या दोन्हींपासून काही वर्षं दूर राहते.

आता अंगावरून पांढरं जाण्याकडे येऊ, कारण इथे सर्वांत मोठं नुकसान झालं आहे आणि त्याची चर्चा अर्धवटच झाली. 2019 मध्ये विधान परिषदेच्या तत्कालीन उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे आलेल्या पाहणीत बीडमधल्या 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. खासगी दवाखान्यांनी पैशांसाठी केलं, पाळीत खाडा पडू नये म्हणून बायकांनी करून घेतलं, यावर बरंच बोललं गेलं. पण यातल्या कितीतरी जणी दवाखान्यात गेल्या होत्या पांढरं जातं आणि ओटीपोट दुखतं म्हणून. फडावर धुवायला पाणी नाही, पाळीचं कापड वाळवायला आडोसा नाही, म्हणून होणारे साधे जंतुसंसर्ग यात असतात आणि नवऱ्याकडून आलेले लैंगिक आजारही असतात. सरकारी दवाखान्यात या आजारांसाठी लक्षणांनुसार रंगीत पाकिटांतली औषधं मोफत मिळतात. पांढरं जाण्याला बहुतेक वेळा हिरवं पाकीट, गर्भाशयमुखाच्या सुजेला करडं. काही गोळ्यांचा प्रश्न. त्या जागी शस्त्रक्रिया झाली.

शस्त्रक्रियेने नवऱ्याचा संसर्ग गेला नाही. तो पुन्हा तिच्याकडे येतो. लैंगिक आजाराची सूज किंवा जखम असेल तर एचआयव्हीला शरीरात शिरायला वाट सोपी होते, हे फार पूर्वीच सिद्ध झालं आहे. म्हणून पांढरं जाण्याचा उपचार बाईला देऊन नवऱ्याला सोडून देणं म्हणजे अर्धा उपचार. दोघांनी एकाच वेळी औषध घ्यायचं आणि ते पूर्ण होईपर्यंत संबंध टाळायचे किंवा निरोध वापरायचा. कोपीत, म्हणजे फडाजवळच्या तात्पुरत्या झोपडीत, सात-आठ फुटांच्या जागेत मुलांसह राहणाऱ्या जोडप्याला हे कसं जमवायचं, हेही समुपदेशकाने बोलायला हवं, नुसतं पाकीट हातात देऊन भागत नाही. ही तक्रार घेऊन आलेल्या प्रत्येक बाईला आणि तिच्या जोडीदाराला त्याच दिवशी एचआयव्ही आणि सिफिलिसची तपासणी सुचवली गेली पाहिजे. बीडमध्ये त्या प्रकरणानंतर गर्भाशय काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची झाली, हे चांगलंच. त्या परवानगीच्या अर्जात ‘लैंगिक आजाराचा उपचार दिला का, जोडीदाराला दिला का’ हे दोन रकाने असावेत.

ज्यांना संसर्ग झालेला आहे आणि निदानही झालं आहे, त्यांचं हंगामात काय होतं ते पाहू. टेनोफोविर 300, लॅमिव्हुडिन 300 आणि डोल्युटेग्राविर 50 मिलिग्रॅम अशी तिहेरी गोळी दिवसातून एकदा घ्यायची. औषध उत्तम आहे, सहन होतं, नियमित घेतलं तर सहा महिन्यांत बहुतेकांच्या रक्तातला विषाणू मोजण्याइतकाही उरत नाही. तशा अवस्थेत लैंगिक संबंधांतून जोडीदाराला संसर्ग होत नाही. म्हणजे एका माणसाच्या गोळ्या वेळेवर पोचणं हाच दुसऱ्याचा प्रतिबंध आहे. पण गोळ्या थांबल्या की काही आठवड्यांत विषाणू पुन्हा वाढतो, माणूस मात्र ठणठणीत दिसत राहतो.

अंबाजोगाई, लातूर, नांदेड, संभाजीनगरच्या वैद्यकीय महाविद्यालयांत एआरटी केंद्रं आहेत आणि प्रकृती स्थिर असलेल्यांना एकदम दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या देण्याची सोय झाली आहे. हंगाम मात्र पाच-सहा महिन्यांचा. डिसेंबरअखेर डब्या संपतात. सांगलीहून अंबाजोगाईला यायचं तर एक रात्र जाण्यात, एक येण्यात, मध्ये दोन दिवस मोडले. तोडणीचा दर टनाला 366 रुपये आणि जोडीने दिवसाला दोन टन तोडला असं धरलं तर दोन दिवसांची मजुरी साधारण साडेचौदाशे. त्यावर मुकादम खाड्याचे पैसे कापणार, एसटीचा खर्च वेगळा, आणि ‘कशाला चाललास’ या प्रश्नाचं उत्तर द्यायचं ते वेगळंच. हा माणूस गोळ्या ‘सोडत’ नाही. त्याला त्या परवडेनाशा होतात. कागदोपत्री मात्र तो उपचार सोडलेला रुग्ण ठरतो आणि मे महिन्यात केंद्रावर परतला की आधी बोलणी खातो.

दुसऱ्या केंद्रावरून गोळ्या घेण्याची मुभा आहे. त्यासाठी उपचाराची हिरवी पुस्तिका जवळ लागते, आणि कोपीत ती ठेवायची कुठे? कुणाच्या हाती लागली तर टोळीभर होईल, म्हणून पुस्तिका गावीच लोखंडी पेटीत राहते. मोबाइलमध्ये पुस्तिकेच्या पानांचा फोटो आणि डब्यांवरची लेबलं काढून वेगळ्या डबीत गोळ्या, एवढं समुपदेशकाने निघण्याआधी करून दिलं तरी बराच फरक पडतो. गोळ्या मूळ डबीतून काढल्या तर नवी डबी घट्ट झाकणाची असावी आणि ओलावा शोषणारी छोटी पुडीही तिच्यात टाकावी. रोजची वेळ ठरवतानाही विचार लागतो. पहाटे चारला फडावर निघणाऱ्याला ‘सकाळी नाश्त्यानंतर घ्या’ सांगून उपयोग नाही. रात्रीच्या भाकरीबरोबरची वेळ टिकते.

गुप्ततेची किंमत औषधांच्या आपसांतल्या वागणुकीतही मोजावी लागते. समजा हंगामात त्याला क्षयरोग झाला आणि कारखान्याजवळच्या आरोग्य केंद्रात उपचार सुरू झाले. क्षयरोगाच्या औषधांतलं रिफाम्पिसिन डोल्युटेग्राविरची रक्तातली पातळी खाली आणतं. म्हणून अशा रुग्णाला तिहेरी गोळीनंतर बारा तासांनी डोल्युटेग्राविर 50 ची एक जादा गोळी द्यावी लागते आणि रिफाम्पिसिन बंद झाल्यावरही दोन आठवडे चालू ठेवावी लागते. त्याने एचआयव्ही लपवला तर ही जादा गोळी मिळत नाही. गरोदर बाईचं तसंच. रक्तवाढीच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या रिकाम्या पोटी एआरटीबरोबर घेतल्या तर डोल्युटेग्राविर नीट शोषलं जात नाही. जेवणाबरोबर एकत्र चालतात, नाहीतर एआरटी दोन तास आधी किंवा सहा तास नंतर. आम्लपित्ताच्या पातळ औषधाला तर जेवणाचीही सवलत नाही, तिथे हे अंतर पाळावंच लागतं. फडावर पित्ताच्या बाटल्या किती खपतात हे पाहिलं तर ही बाब किरकोळ वाटणार नाही.

बाळाचं वेळापत्रक सर्वांत कडक असतं. उपचार नसतील तर आईकडून बाळाला संसर्ग होण्याची शक्यता 15 ते 45 टक्के, योग्य उपचारांनी ती 5 टक्क्यांच्या खाली येते. जन्मल्यावर लगेच प्रतिबंधक औषध, सहाव्या आठवड्यात टाचेतून रक्ताचे थेंब कागदावर घेऊन तपासणी, मग सहा महिने, बारा महिने आणि शेवटची खात्री अठराव्या महिन्यात. नोव्हेंबरात जन्मलेलं बाळ सहाव्या आठवड्यात कर्नाटकात असतं. पहिले सहा महिने निव्वळ आईचं दूध द्यायचं, वरचं दूध मिसळायचं नाही, कारण मिसळल्याने आतड्याला इजा होऊन धोका वाढतो. पण आई पहाटेपासून फडावर, बाळ कोपीत सहा वर्षांच्या बहिणीजवळ, आणि बहिणीच्या हातात गायीच्या दुधाची बाटली. या आईला दूध काढून ठेवायचं शिकवणं किंवा पहिले सहा महिने तिला हंगामातून सुटका देणं, यापलीकडचा उपाय नाही. सुटका द्यायची तर उचलीचा प्रश्न येतो, आणि तो आरोग्य खात्याच्या हातात नाही.

फडावर आणि टोळीच्या वाटेवर बायकांवर होणाऱ्या अत्याचारांच्या तक्रारी वारंवार पुढे आल्या आहेत. अशा घटनेनंतर 72 तासांच्या आत, शक्यतो पहिल्या काही तासांतच, प्रतिबंधक औषध सुरू करून 28 दिवस घेतलं तर संसर्ग टाळता येतो. हे औषध सरकारी रुग्णालयात मोफत मिळतं. पोलिसांत तक्रार दिली नसली तरी उपचार नाकारता येत नाहीत. टोळीतल्या किती बायकांना हे माहीत आहे?

कारखान्याची जबाबदारी इथे सुरू होते. एचआयव्ही कायद्यानुसार शंभर किंवा अधिक माणसांच्या आस्थापनेत तक्रार अधिकारी नेमावा लागतो, आरोग्य संस्थेत वीस. साखर कारखाना या व्याख्येत सहज बसतो. पण तोडणी मजूर कागदोपत्री कारखान्याचा नसतो, मुकादमाचा असतो, आणि मुकादमाची कुठलीच आस्थापना नसते. ऊस कारखान्याचा, वजनकाटा कारखान्याचा, माणूस मात्र कुणाचाच नाही. ही पळवाट शासनाने आदेश काढून बुजवावी. गाळप परवाना देतानाच तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि जवळच्या एआरटी केंद्राशी केलेली लेखी व्यवस्था मागावी.

देहविक्रय करणाऱ्या स्त्रिया, तृतीयपंथी आणि समलैंगिक पुरुष यांच्याबद्दल थोडं. पर्समध्ये निरोध सापडला म्हणून पोलीस त्रास देतात, मग ती निरोध बाळगायचंच सोडते. सर्वोच्च न्यायालयाने मे 2022 मध्ये असे निरोध गुन्ह्याचा पुरावा मानू नयेत असं सांगितलं आहे, आता ते तालुक्याच्या ठाण्यापर्यंत पोचायला हवं. खेड्यातला समलैंगिक पुरुष घरच्यांच्या दबावाने लग्न करतो आणि मग त्याची बायकोही त्याच धोक्यात येते. समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम 377 चा धाक 2018 मध्ये गेला, लग्नाचा दबाव राहिला.

लग्नाआधी एचआयव्ही चाचणी सक्तीची करा, अशी मागणी ग्रामसभांत अधूनमधून होते. ती करणाऱ्यांची काळजी खरी आहे, उपाय चुकीचा आहे. संसर्गानंतर काही आठवड्यांपासून तीन महिन्यांपर्यंत चाचणी निगेटिव्ह येऊ शकते. लग्नानंतर होणारा संसर्ग ती अडवत नाही. बालविवाह तर नोंदलाच जात नाही, मग प्रमाणपत्र कोण मागणार? आणि संमतीशिवाय चाचणी कायद्याने चालत नाही. गावात मुलाचा नाही, मुलीचा अहवाल फिरेल, हे सांगायला भविष्यवेत्ता नको.

त्यापेक्षा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, उचल वाटली जाते त्याच दिवसांत, गावात आरोग्य तपासणी ठेवावी. फक्त एचआयव्हीची ठेवली तर कुणी येणार नाही, आणि जो येईल त्याच्याकडे गाव बघत राहील. रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन, क्षयरोग, सिफिलिस आणि एचआयव्ही एकत्र, जोडप्याने, संमतीने. बोटातून रक्त घेऊन होणारी पहिली चाचणी प्राथमिक असते. ती पॉझिटिव्ह आली तर तीन वेगवेगळ्या चाचण्यांनी खात्री करावी लागते. इथेच माणसं सुटतात, कारण त्यांना तालुक्याला जायला सांगितलं जातं आणि तोवर गाडी भरलेली असते. म्हणून खात्रीची सोय असलेलं फिरतं केंद्र त्याच दिवशी गावात हवं. आधीपासून उपचारावर असलेल्यांना सहा महिन्यांच्या सहा डब्या द्याव्यात, विषाणूभार (रक्तातल्या विषाणूचं प्रमाण) तपासणी निघण्याआधी उरकावी. मधल्या तीन महिन्यांत एक फोन समुपदेशकाने करावा. एप्रिल-मेमध्ये परतल्यावर हीच तपासणी पुन्हा करावी.

पैशाचं कारण देता येणार नाही. गोपीनाथराव मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागे दहा रुपये घ्यायचं ठरलेलं आहे. दहा कोटी टन गाळप झालं तर शंभर कोटी होतात. त्यातून मराठवाड्याच्या प्रत्येक ऊसतोड तालुक्याला एक फिरतं पथक आणि कारखान्यांच्या पट्ट्यात मराठवाड्याची बोली समजणारे समुपदेशक नेमता येतात. कर्नाटकातल्या कारखान्यांसाठी दोन राज्यांच्या एड्स नियंत्रण संस्थांमध्ये लेखी करार लागेल. त्याची सुरुवात बेळगाव आणि बागलकोट या दोन जिल्ह्यांपासून करता येईल, आणि ती बोलणी ऑक्टोबरात नव्हे, जूनमध्येच व्हायला हवीत.